लग्न: नाही, मुलगी: एक

वेलचेरी, चेन्नई
८ जून

मधू,

पाकिटावरचं अक्षर ओळखून हे पत्र फाडणार असशील तर निदान दुसऱ्या पानापर्यंत थांब. आशीर्वाद पहिल्या ओळीत लिहायचे असतात, पण दहा वर्षांचे साचले आहेत, ते शेवटी बघू. फोन केला असता. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. पोस्टमनला तसं बंद करता येत नाही, एवढी एक सोय उरली आहे. नाशिकचा पत्ता वाईच्या काकूंकडून घेतला. त्यांना बोलू नकोस, मीच पिच्छा पुरवला.

ऊर्मी बरी आहे. बी.कॉम.चं दुसरं वर्ष संपलं, वर्गात दुसरी आली. उंची तुझ्याएवढी झाली. मराठी बोलते, पण लिहायला लावलं की तोंड वाकडं करते.

काम असं आहे. इन्कम टॅक्सकडून मला मेल आला आहे. तुम्ही घेतलेल्या सवलती पुन्हा तपासून बघा आणि चूक असेल तर स्वतःहून सुधारा, असा. आपल्या मुलांच्या कॉलेजची ट्यूशन फी भरली तर ठराविक मर्यादेपर्यंत तेवढ्या पगारावर कर लागत नाही. होस्टेल, देणगी असलं काही चालत नाही, नुसती फी. आणि फक्त स्वतःच्या मुलांची. भाचीची चालत नाही. मी बँकेत आहे, लोकांना हे समजावून सांगतो, मला ठाऊक असायला हवं होतं. ठाऊक होतंही. पण ‘स्वतःचं मूल’ या शब्दांपाशी मी कधी थांबलोच नाही.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी ऊर्मीच्या कॉलेजची पहिली पावती घेऊन मी आमच्या स्टाफ सेक्शनला गेलो. तिथे कृष्णवेणी म्हणून बाई आहेत. त्यांनी मान वर न करता विचारलं, “उंग पोण्णा, सार?” पोण्णु म्हणजे मुलगी. आपल्यासारखंच आहे इथे, रस्त्यावरची कुठलीही मुलगी ती पोण्णु आणि पोटची लेक तीही पोण्णुच. तुमची मुलगी का? मी म्हणालो, “आमा.” होय. खोटं बोलतोय असं मनातसुद्धा आलं नाही. आमचीच मुलगी की. बाईंनी इंग्रजीत ‘डॉटर’ असं टाइप केलं आणि पुढची पावती मागितली. दोन भाषांत जे खरं होतं ते तिसरीत खोटं झालं.

तेव्हापासून माझ्या फाइलवर असं आहे. लग्न: नाही. मुलगी: एक. हे कुणाच्या नजरेला आलं नाही असं मी समजत होतो. आलं होतं. शाखेतल्या सगळ्यांनी सभ्यपणे ठरवून टाकलं होतं, की विजयकुमारसरांचं काहीतरी जुनं प्रकरण आहे आणि त्याबद्दल विचारायचं नाही. पोंगलला बायका ‘पोण्णुसाठी’ म्हणून डबे द्यायच्या आणि तिच्या आईबद्दल चकार शब्द काढायच्या नाहीत. मला वाटायचं, काय समजूतदार माणसं आहेत.

ते मी निस्तरेन. तुझ्याकडे वेगळंच मागणं आहे. तिरुवल्लिकेणीत जुन्या तंजावरी मराठी मंडळींचा एक लहानसा ट्रस्ट आहे. वडील नसलेल्या मराठी मुलींना ते शेवटच्या वर्षाची पूर्ण फी देतात. ऊर्मीची निवड झाली आहे. फक्त आई हयात असेल तर अर्जावर तिची सही लागते, आणि तिचं उत्पन्न काय तेही तिच्या हाताने लिहिलेलं लागतं. तिथे मी स्वतःला मामा म्हणूनच लिहिलं आहे. म्हणजे एका कागदावर मी तिचा बाप, दुसऱ्यावर मामा, आणि दोन्हीकडे सही माझीच.

अर्ज सोबत आहे. जुलैअखेर मुदत आहे. सरळ सांगतो, या वर्षीची फी मला झेपत नाही. पुराच्या पाण्याने घराची जी वाट लावली त्याचं कर्ज अजून चालू आहे. पोरगी म्हणते, एक वर्ष थांबते, पेरुंगुडीच्या कंपन्यांत कुठेतरी चिकटते, मग बघू. एकदा कॉलेज सोडलेली पोरं पुन्हा जात नाहीत, हे मी कर्जाच्या टेबलावर बसून पुष्कळ पाहिलं आहे. तेवढं होऊ द्यायचं नाही. मला तुझ्याकडून दुसरं काही नको. सही कर आणि पाठव.

दादा

वेलचेरी
२९ जून

मधू,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलं आहे, पोस्टाच्या साइटवर तसं दिसतं. तुझी सहीसुद्धा दिसते तिथे. म्हणजे सही तू करतेस, फक्त पोस्टमनच्या कागदावर.

ट्रस्टचे चिटणीस बालाजीराव यांच्याकडे काल जाऊन आलो. ऐंशीच्या घरातले आहेत, एका जुन्या घराच्या माडीवर बसतात, पंखा चालू असला तरी हातात विंझणा. त्यांचं मराठी ऐकायला तुला गंमत वाटली असती. माझा अर्ज उलटसुलट करून म्हणाले, “अस्कें बरोबर आहे. माय आहे की पोरीस? मग तुम्ही कां सही करूंलालांत?” अस्कें म्हणजे सगळं. मी म्हणालो, आई लांब असते. ते म्हणाले, “लांब म्हणजे किती? पोस्ट जातें की नाही?” मी म्हणालो, जातं. “मग जाऊं द्या,” म्हणाले, आणि मला फिल्टर कॉफी पाजली. वाईट माणूस नाही. नियम त्यांच्या आजोबांनी केलेला आहे आणि तो मोडायची त्यांना लाज वाटते.

येताना ऊर्मी बरोबर होती. मी मॅन्शन दाखवलं तिला, एकट्या पुरुषांचं ते लॉज, जिथे मी लग्नाआधी, म्हणजे जे लग्न कधी झालंच नाही त्याच्याआधी, सहा जणांत एक खोली घेऊन राहायचो. तिथे बायकामुलांना आत येऊ देत नसत. म्हणून विनायकराव गेल्यावर तू तिला माझ्याकडे ठेवलंस तेव्हा वेलचेरीत घर घेतलं. ती म्हणाली, “मामा, म्हणजे माझ्यामुळे तुला मॅन्शनमधून काढलं.” मी म्हटलं, हो, नाहीतर अजून तिथेच सुखात लोळलो असतो. 

बसमध्ये तिने एक सोपी वाट सुचवली. ती तुला सांगणार नव्हतो. पण तुझं उत्तर नाही म्हणून राग आला आहे, म्हणून सांगतो. तमिळमध्ये म्हणाली, कारण असली बोलणी ती तमिळमध्येच करते. आई नाही असं लिहून टाकूया. कोण बघायला येतंय? मी म्हणालो, जिवंत माणसाला मी कागदावर मारणार नाही, आधीच एका कागदापायी निस्तरतोय. मग तिने विचारलं, “ती जिवंत आहे हे तुला नक्की माहीत आहे?” मी म्हटलं, पोस्टाच्या साइटवर सही आहे. हसली. पण मला हसू आलं नाही.

तू अजून त्या मे महिन्यातच अडकली आहेस, हे मला ठाऊक आहे. नवीन संसार बसला, आता पोरीला न्यायचं म्हणून तू आलीस, आणि ती खालच्या मजल्यावरच्या शेजारीण मामींच्या घरात, स्वयंपाकघराच्या फळीखाली जाऊन बसली. संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही. तू माझ्याकडे बघून म्हणालीस, “तूच शिकवलंस.” मी शिकवलं नव्हतं. दहा वर्षांची होती, शाळा होती, मैत्रिणी होत्या. आणि तुझ्या नवऱ्याला तिने फोटोतच पाहिलं होतं. ती घाबरली होती एवढंच. तू दुसऱ्या दिवशीच्या गाडीने गेलीस आणि मी स्टेशनवर आलो नाही, कारण तू ‘येऊ नकोस’ म्हणालीस. तू म्हणालीस म्हणून लोक ऐकतात, आणि मग तू त्याचाच राग धरतेस. लहानपणापासून असंच आहे.

असो. दमलो मी, मधू. भांडायलाही दम लागतो. अर्जाची दुसरी प्रत ठेवतो आहे, पहिली फाडली असलीस तर.

दादा

वेलचेरी
३ ऑगस्ट

मधू,

अर्ज पोचला. शेवटच्या दिवशी पोचला. कुरियरवाल्याने शेजारच्या इमारतीत दिला होता, मी दुपारी सुट्टी टाकून शोधत फिरलो.

पाकीट तीनदा झटकलं. अर्जाशिवाय काही नव्हतं. एक ओळ लिहिली असतीस तर पेनातली शाई संपली नसती.

पण अर्ज मी वाचला. नाव, पत्ता, सही. मुलीशी नातं: आई. तिथे तुझं अक्षर जरा हललं आहे, किंवा मला तसं वाटलं. आणि व्यवसाय: पाळणाघर. मधू, तू पाळणाघर चालवतेस हे मला माहीत नव्हतं. काकूही बोलल्या नाहीत. मी शेअर ऑटोत बसून तो शब्द वाचत होतो आणि माझं उतरायचं ठिकाण मागे गेलं. रागाने लिहायला बसलो होतो खरं म्हणजे. आता तो राग कुठे ठेवू कळत नाही.

(शेअर ऑटो, कारण स्कूटर काढून टाकली. गुडघ्यांना बरं पडतं.)

बालाजीरावांनी अर्ज डोळ्यांजवळ नेऊन वाचला. म्हणाले, “दुसऱ्यांची पोरं सांभाळतें की माय!” चांगल्या अर्थानेच म्हणाले. ऊर्मी समोरच बसली होती. तिने अर्ज मागून घेतला, ‘पाळणाघर’ हा शब्द एकेक अक्षर लावत वाचला आणि मला विचारलं, म्हणजे काय? मी तमिळमध्ये सांगितलं. तिने अर्ज नीट घडी करून परत दिला. घरी जेवताना म्हणाली, “किती मुलं असतील रे तिथे?” मला काय माहीत, मी म्हटलं.

शिष्यवृत्ती मंजूर झाली. पैसे थेट कॉलेजला जातात. शिष्यवृत्तीवर कर नाही, तेही विचारून घेतलं, आता कशावरच विश्वास उरलेला नाही. म्हणजे शेवटचं वर्ष सुटलं. हे तुझ्यामुळे झालं. लिहायला जड जातंय, पण झालं खरं.

दादा

वेलचेरी
१२ ऑक्टोबर

मधू,

उत्तर येत नाही हे आता अंगवळणी पडलं आहे. पण दर वेळी पत्र पोचल्याची तुझी सही येते, परत आलं असं एकदाही झालं नाही. तेवढ्यावर लिहितो आहे.

टॅक्सचं काम मिटवलं. दोन्ही वर्षांचे रिटर्न पुन्हा भरले, राहिलेला कर, व्याज आणि वरचा भुर्दंड सगळं देऊन टाकलं. त्याचं विशेष नाही. कठीण काम वेगळंच निघालं. बँकेच्या फाइलवरचं नातं बदलून घ्यायचं होतं आणि त्यासाठी कृष्णवेणीबाईंसमोर उभं राहायचं होतं.

ऊर्मी त्या दिवशी शाखेत आली होती. तिचं खातं उघडायचं होतं, आणि मला बरं नव्हतं म्हणून मला घेऊन घरीही जायचं होतं. मी तिला बाहेर बस म्हटलं. ती बसली नाही, माझ्यामागे येऊन उभी राहिली. बाईंनी फाइल उघडली, चष्मा लावला, तिच्याकडे बघून हसल्या आणि पुन्हा तेच विचारलं. “उंग पोण्णु दाने, सार?” तुमचीच मुलगी ना?

मी दोन वर्षांपूर्वी एका शब्दात उत्तर दिलं होतं. या वेळी तो शब्द चालणार नव्हता. मागे ती उभी. शेवटी म्हणालो, “इल्लै.” नाही. “तंगच्ची पोण्णु.” बहिणीची मुलगी. आयुष्यात पहिल्यांदा मी ते असं मोठ्याने, लोकांसमोर म्हणालो. मला वाटलं होतं हलकं वाटेल. नाही वाटलं. मी काउंटरला धरून उभा राहिलो.

बाई क्षणभर गोंधळल्या. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला. “अप्पडिया! ताय मामन!” असं होय, सख्खा मामा! इथे सख्ख्या मामाला फार मान, मधू. मुलीच्या कुठल्याही कार्यात बापाच्या आधी मामा लागतो. बाईंनी चार टेबलांवर ओरडून सांगितलं, की सर मामा आहेत. दोन वर्षं जपलेलं माझं जुनं प्रकरण एका मिनिटात संपलं. शिपायापासून मॅनेजरपर्यंत सगळे येऊन हात मिळवून गेले. थोडे निराशही झाले असावेत. बाईंनी ‘डॉटर’ खोडलं आणि तिथे काय लिहायचं म्हणून यादी उघडली. यादीत भाची नव्हती. नवरा, बायको, मूल, आई, बाप. शेवटी ती ओळच रिकामी केली. लग्न: नाही. मुलगी: नाही. वाचायला बरोबर, पण घर रिकामं झाल्यासारखं दिसतं.

परतताना ऊर्मी माझ्या दंडाला धरून चालत होती. तशी कधी चालत नाही. म्हणाली, “तू एवढा का थरथरत होतास? मला माहीत नव्हतं का मी कुणाची ते?” मी म्हटलं, ताप आहे. ताप होताच.

तुला हे सगळं का लिहितो आहे? दुसऱ्या कुणाला लिहिणार? तिला बापाची माया लावायची म्हणून लावली नाही मी, ती आपसूक लागली, आणि त्यात तुझं काही काढून घ्यायचं माझ्या मनात नव्हतं. तू नसताना जागा रिकामी होती, मी उभा राहिलो. एवढंच.

दादा

वेलचेरी
१७ मे

मधू,

ऊर्मी पास झाली. पेरुंगुडीच्या एका कंपनीत हिशेबाच्या खात्यात नोकरी लागली, जूनमध्ये रुजू होईल. बालाजीरावांना पेढे द्यायला गेलो होतो. त्यांनी तिला समोर बसवून एका जुन्या पुस्तकातला अर्धा परिच्छेद मराठीत वाचायला लावला, ती अडखळत वाचत गेली आणि ते विंझणा थांबवून ऐकत होते.

तुझं अजून एकही पत्र नाही. मीही ऑक्टोबरनंतर लिहिलं नाही. हिवाळ्यात आजारी होतो, मग कंटाळा आला. आज लिहितो आहे त्याला कारण आहे, आणि या वेळी मला तुझी सही नको आहे.

कंपनी तिचा आणि तिच्यावर अवलंबून असणाऱ्यांचा दवाखान्याचा विमा काढते. त्याचा फॉर्म तिने काल रात्री लॅपटॉपवर भरला. अवलंबून कोण, असं विचारलं होतं. आजवर हा प्रश्न तिच्या बाबतीत मला विचारत होते, आता माझ्या बाबतीत तिला विचारतात. सकाळी मला म्हणाली, मामा, चहा घे आणि हे बघ. वडील या रकान्यात तिने माझं पूर्ण नाव लिहिलं होतं. जन्मतारीख, रक्तगट, सगळं बरोबर. मला पोण्णु या शब्दाने फसवलं तसं तिला कुठल्या शब्दाने फसवलं नव्हतं. तिने समजून उमजून लिहिलं होतं.

मी म्हटलं, खोड. असल्या चुकीचं व्याज किती पडतं ते मला माहीत आहे. ती म्हणाली, “खोडते. आधी तू वाच.” मी वाचलं. मग चष्मा पुसायचं निमित्त करून पुन्हा वाचलं. मग तिने खोडलं आणि तिथे विनायकरावांचं नाव लिहिलं, पुढे ‘कैलासवासी’. एकवीस वर्षांची मुलगी, बापाच्या नावापुढे तो शब्द कसा लिहायचा हे मला विचारून लिहिलं तिने.

खालचा रकाना आईचा होता. मला वाटलं ती तो सोडून देईल. तिने तुझं नाव लिहिलं. व्यवसाय, पाळणाघर, हे मला न विचारता बरोबर लिहिलं. म्हणजे तू आजारी पडलीस तर आता खर्च तिच्याकडे. पुढे जन्मतारीख होती, आणि तिथे तिचे हात थांबले. तिला तुझी जन्मतारीख माहीत नाही, मधू. बारा वर्षं आईजवळ नसलेल्या मुलीला कशी माहीत असणार?

मला माहीत आहे. तुझ्या बारशाला मी पाच वर्षांचा होतो, मला कडेला बसवून पेढ्यांच्या राखणीला ठेवलं होतं. पण मी तिला सांगितली नाही. म्हटलं, मला आठवत नाही, म्हातारा झालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की माझी थाप तिला कळली. मग मी काकूंना फोन करून तुझा हल्लीचा नंबर घेतला आणि तिच्या फोनमध्ये घातला. ‘आई’ म्हणून तिनेच टाइप केलं, मराठीत, ‘ई’ दोनदा खोडून.

फॉर्म तीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. हे पत्र तुला चार-पाच दिवसांत मिळेल. ते मिळाल्याची तुझी सही दिसली, की मी तिला सांगणार आहे, आता फोन लाव, तारीख तिलाच विचार.

आशीर्वाद शेवटी बघू म्हणालो होतो. सगळे दिले, मधू, साठलेले सगळे.

चेन्नईचा नंबर असेल. माझा नाही. उचल.

दादा